अंगुस्तान

डॉर्कसचं अंगुस्तान आता माझ्या बोटात असतं.
पितळी, आईचं, काठाशी चेपलेलं.
तिच्या बोटात ते मार्चपासून जात नाही.
मधलं बोट मुळापासून टोकापर्यंत एकसारखं सुजलंय,
सांधा कुठला, हाड कुठलं, काही कळत नाही.
नखांवर खळगे, टाचणीनं टोचल्यासारखे.
अंगुस्तानावरचे निदान ओळीत आहेत.

आम्ही जुळ्या. एकाच अंड्याच्या.
मी टर्झा, वीस मिनिटांनी धाकटी.
न्यूफाउंडलंडच्या या खाडीत एकोणीस घरं, तीन आडनावं,
आणि चर्चच्या वहीत दोनशे वर्षांची लग्नं
फिरून फिरून त्याच तिघांत.
म्हणून तर सेंट जॉन्सहून मिस पिन्सेंट आल्या,
बोटीतून, बर्फाची पेटी मांडीवर धरून.
आमचं रक्त म्हणे अभ्यासाला फार कामाचं,
बाहेरचं फारसं मिसळलेलं नाही.
हेझेकाया काका बाही वर करत म्हणाला,
"मिसळायला इथे येतंय कोण?"

स्वयंपाकघराच्या टेबलावर त्यांनी समजावलं.
पेशी आपल्या पोटात काय चाललंय त्याचे तुकडे
दारात मांडून ठेवते, तबकात.
गस्तीवरचे येतात, बघतात, पुढे जातात.
तबक कसं घडावं ते जीन सांगतं.
काहींच्या तबकात तुकडा जरा तिरका बसतो.
तबकांना नावं नाहीत, अक्षरं न् आकडे आहेत:
सी सहाचा ओढा कातडीकडे,
बी सत्तावीसचा सांध्यांकडे,
असा आपला साधारण कल, त्या म्हणाल्या,
आणि चहात तिसऱ्यांदा साखर घातली.

मला आजोबा आठवले, धक्क्यावरचे पारखी.
वाळलेला कॉड एकेक उचलायचे,
उजेडात धरायचे, हुंगायचे, भिरकावायचे:
हा स्पेनला. हा वेस्ट इंडीजला. हा टाकाऊ.
त्यांचा शब्द फिरत नसे.
डोळ्यांत मोतीबिंदू उतरला त्या उन्हाळ्यात
चांगला मासा ढिगानं टाकाऊत गेला.
बघत सगळे होते.
बोललं कोणी नाही.

डॉर्कसच्या आत तसाच कुणी बसलाय.
तिचंच बोट उचलतो, हुंगतो.
टाकाऊ.
टाच. टाकाऊ.
कोपरावरची कातडी, जिच्यावर रेलून ती पत्ते खेळायची.

"पण तबक तर माझंही तेच," मी म्हटलं.
मिस पिन्सेंटनी पेन खाली ठेवलं.
"हो. तेच."
जीन दार किलकिलं ठेवतं,
आत कोण शिरेल ते त्यालाही ठाऊक नसतं.

मग कुठे माशी शिंकली आमच्यात?
नऊ वर्षांच्या होतो. तिचा घसा सुजला, ताप चढला,
महिन्यानं पाठभर लाल ठिपके.
मला साधा खोकलाही नाही.
त्याआधी आम्ही गोठलेल्या तळ्यावर गेलो होतो.
माझा कोट मी बोटीत विसरले होते
आणि अंधार पडेपर्यंत तिचा घालून घसरत होते.
थंडीनं असलं काही होत नाही, मला माहीत आहे.
तरी सांगायला तोंड उघडलं होतं.
फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.

त्यांनी दोन नळ्या भरल्या, दोन चिठ्ठ्या डकवल्या.
पेटीत शेजारी शेजारी ठेवल्यावर
कुठली कुणाची, मलाही सांगता आलं नसतं.

सकाळी तास-दीड तास
डॉर्कसचे हात तिचे नसतात.
मी तिच्या कोटाची बटणं लावते, खालून वर.
ती खिडकीबाहेर बघत उभी असते,
जणू हे दुसऱ्याच कुणाचं चाललंय.
मग हनुवटी उचलून म्हणते,
"वरचं राहिलं."